‘तसबिरीचा घोटाळा’ ते ‘संशयकल्लोळ’

मराठी संगीत रंगभूमीवरील जी मोजकी नाटके शतकाचा उंबरठा ओलांडूनही प्रेक्षकांना हसवीत आली आहेत, त्यांमध्ये गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाचे स्थान फार वरचे आहे. २० ऑक्टोबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्या प्रयोगाला नाटककार उपस्थित नव्हते. त्यापूर्वी चार महिने, १४ जून १९१६ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. आपली अखेरची कृती रंगभूमीवर कशी रंगते, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तथापि त्यांनी रचलेला संशयाचा खेळ पुढे पिढ्यानपिढ्या रंगत राहिला.

या नाटकाचा इतिहास अनेक अर्थांनी उद्‌बोधक आहे. त्याचे कथानक सतराव्या शतकातील फ्रान्समधले. ते इंग्लंडमार्गे महाराष्ट्रात आले, प्रथम गद्य रूपात अवतरले आणि तेवीस वर्षांनी त्याला संगीताचा साज चढला. परंतु हे कथानक परक्या मातीतले आहे, हे सांगितल्यावाचून कोणाच्या लक्षातही येऊ नये, इतके ते येथे एकरूप झाले. ही किमया कशी साधली, हे पाहण्यासारखे आहे.

कृष्णाकाठचा वारसा

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीनजीक हरिपूर येथे झाला. कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम, संगमेश्वराचे प्राचीन देवालय आणि हळदीची पेवे यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. देवलांच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, १८४३ मध्ये, सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला होता. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून या घटनेचे स्मरण केले जाते. १९४३ मध्ये रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव सांगलीतच साजरा झाला, आणि त्या वेळच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी भूषविले. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी सांस्कृतिकदृष्ट्या हा एकच कृष्णाकाठ आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाने रंगभूमीला दिलेले दान केवळ सांगलीपुरते मर्यादित नाही. सातारा शहराचे जुने नाव शाहूनगर; आणि गद्य नाटकांच्या इतिहासात ज्या मंडळीचा दबदबा सर्वाधिक, ती ‘शाहूनगरवासी नाटक मंडळी’ हेच नाव मिरवीत महाराष्ट्रभर फिरली. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर करणारे गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभूचे. या मंडळीचे प्रख्यात नट गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाची भूमिका अजरामर केली. पुढे ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवती साकारणारे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे नातेही सांगली जिल्ह्यातील नागठाणे या गावाशी जोडलेले आहे.

शिक्षक, नट आणि तालीममास्तर

देवलांचे शिक्षण बेळगाव येथे झाले. तेथे अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे शिक्षक होते. १८८० मध्ये अण्णासाहेबांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे नवे युग सुरू केले. शिष्यही गुरूच्या मार्गाने नाट्यव्यवसायाकडे ओढला गेला. देवलांनी काही काळ शिक्षकाचे काम केले, काही भूमिकाही केल्या. परंतु त्यांची खरी ख्याती झाली ती नटांना घडविणारे तालीममास्तर म्हणून. वाक्य कोठे तोडावे, शब्दावर वजन कोठे द्यावे, समोरचा बोलत असताना चेहऱ्यावर काय दिसावे, याचा त्यांचा अभ्यास सूक्ष्म होता. ‘संशयकल्लोळ’मधील संवाद वाचताना हे जाणवते. ते वाक्य वाचण्यासाठी लिहिलेले नाही, तोंडाने उच्चारण्यासाठी लिहिलेले आहे.

देवलांच्या नावावर अवघी सात नाटके आहेत. त्यांतील बहुतेक संस्कृत अथवा इंग्रजी कृतींच्या आधाराने सिद्ध झाली. ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’ आणि ‘शापसंभ्रम’ यांचे मूळ संस्कृत साहित्यात आहे. ‘दुर्गा’, ‘झुंझारराव’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांचे मूळ पाश्चात्त्य रंगभूमीवर सापडते. बाला-जरठ विवाहाच्या प्रश्नावरील ‘शारदा’ (१८९९) हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक. संख्येने अल्प असूनही यांपैकी तीन-चार नाटके आजतागायत टिकून आहेत, ही गोष्ट त्यांच्या कामाचा कस सांगते.

मोलियेरपासून मर्फीपर्यंत

‘संशयकल्लोळ’चे आदिबीज मोलियेर या फ्रेंच नाटककाराच्या ‘स्गानारेल’ या लहानशा पद्यमय प्रहसनात आहे. १६६० मध्ये पॅरिस येथे ते प्रथम सादर झाले व स्वतः मोलियेरने त्यात प्रमुख भूमिका केली. एक तरुणी घेरी येऊन पडते, तिच्या हातातील प्रियकराचे चित्र खाली पडते, शेजारचा गृहस्थ तिला सावरतो, त्याची पत्नी हे खिडकीतून पाहते आणि ते चित्र तिच्या हाती लागते. एवढ्याशा घटनेतून चार माणसांचे मनःस्वास्थ्य हरपते.

शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी या मूळच्या आयरिश नाटककाराने याच कल्पनेचा विस्तार करून ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिले. ‘सगळेच चुकलेले’ असा या नावाचा सरळ अर्थ. मर्फीने पात्रे वाढविली आणि संशय केवळ पतीच्या मनात न ठेवता पत्नीच्या मनातही तितकाच बळकट केला. देवलांनी या इंग्रजी नाटकाचा आधार घेतला आणि १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक सिद्ध केले.

रुमाल आणि तसबीर

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. याच्या तीनच वर्षे आधी, १८९० मध्ये, देवलांनी शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले होते. गणपतराव जोशी यांची झुंझाररावाची भूमिका फार गाजली. तेथेही विषय संशयाचाच होता. तेथे एक हातरुमाल हरवतो आणि त्यातून निष्पाप पत्नीचा वध होतो. ‘फाल्गुनराव’मध्ये एक तसबीर हरवते आणि त्यातून हास्याचा कल्लोळ उठतो. एकाच लेखकाने एकाच मनोविकाराची करुण आणि विनोदी अशी दोन्ही रूपे लागोपाठ हाताळली, असे उदाहरण विरळाच.

या दोन नाटकांतील भेदही बोधप्रद आहे. ‘झुंझारराव’मध्ये संशयाचे विष कालवणारा एक दुष्ट मनुष्य आहे. ‘फाल्गुनराव’मध्ये असा कोणीही नाही. कोणी खोटे बोलत नाही, कोणी कट रचत नाही. प्रत्येकाने जे पाहिले, ते खरोखरच घडलेले असते. फाल्गुनरावाने परस्त्रीला सावरले, हे खरे. पत्नी कृत्तिका एका तरुणाच्या तसबिरीकडे निरखून पाहत होती, हेही खरे. अश्विनशेठने रेवतीला दिलेली तसबीर तिऱ्हाइताच्या हाती होती, हेही तितकेच खरे. चूक होते ती पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावताना. डोळ्यांनी पाहिले म्हणजे सर्व कळले, असे समजून जो तो धावत सुटतो आणि सरळ प्रश्न विचारण्यास कोणीच तयार नसतो. प्रेक्षकाला मात्र आरंभापासून सर्व ठाऊक असते. तो हसतो, आणि आपणही घरी असेच वागतो की काय, असा विचार हळूच त्याच्या मनात डोकावतो.

रूपांतराचे कौशल्य

परकीय नाटक मराठीत आणताना केवळ पात्रांची नावे बदलून भागत नाही. देवलांनी नावांतही गंमत साधली. या नाटकातील पुरुष हे महिने आहेत आणि स्त्रिया ही नक्षत्रे. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि नोकर भादव्या एकीकडे. कृत्तिका, रेवती, रोहिणी आणि मघा दुसरीकडे. पंचांग घरोघरी वाचले जाणाऱ्या समाजाला ही योजना तत्काळ भावली. नावे ऐकताच ही माणसे आपल्याच आळीतली वाटू लागतात. उतारवयाकडे झुकलेला, कामधंद्यापेक्षा घरातील हालचालींवर अधिक नजर ठेवणारा फाल्गुनराव. त्याच्या तोडीस तोड संशयी कृत्तिका. आणि दोघांच्या उलटतपासणीत सापडलेला भादव्या, ही मंडळी कोणत्याही पेठेत भेटावीत अशी आहेत.

याहून मोठी अडचण नायिकेची होती. मर्फीची नायिका सभ्य घराण्यातील, वयात आलेली, अविवाहित आणि स्वतःच्या पसंतीने वर निवडणारी. १८९३ च्या महाराष्ट्रात अशी मुलगी कोठून आणायची? मुलींची लग्ने बालपणीच उरकली जात होती. संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, झाला होता आणि तेवढ्यानेही समाजात प्रचंड वादळ उठले होते. कुलीन घरातील तरुणी प्रियकराची तसबीर जवळ बाळगते, हे दृश्य प्रेक्षकांना पटले नसते. देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरात वाढलेली कलावंत तरुणी केले. प्रौढ वय, गायनाचे शिक्षण, पुरुषांशी मोकळेपणाने बोलण्याची सवय आणि मनाने वर निवडण्याची शक्यता या सर्व गोष्टी एका निर्णयाने सुसंगत झाल्या. ‘मृच्छकटिक’मधील वसंतसेनेची ओळख देवलांनीच प्रेक्षकांना करून दिलेली असल्याने हा बदल परका वाटला नाही.

रेवतीचा प्रश्न

कथेच्या सोयीसाठी केलेल्या या बदलाने नाटकाला मूळ कृतीत नसलेली खोली आली. संशय या नाटकात सर्वांनाच ग्रासतो, परंतु त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे कितीही भांडण झाले, तरी त्यांचा संसार मोडत नाही. समाजाने त्यावर शिक्कामोर्तब केलेले आहे. अश्विनशेठ धनिक आहे. प्रेमभंग झाला तरी त्याची प्रतिष्ठा अबाधित राहील. रेवतीचे तसे नाही. ज्या घरात ती वाढली, त्या घरातील स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची जगाला सवय नसते. अश्विनशेठ तिच्यावर रुसतो तेव्हा त्याच्या मनात तिच्या कुळाविषयीचा पूर्वग्रह जागा होतो. विवाहित स्त्रीचा सन्मान मिळविण्याची तिची एकमेव वाट त्या एका तसबिरीच्या घोटाळ्याने बंद होण्याची वेळ येते.

हे सर्व देवल कोठेही उपदेशाच्या सुरात सांगत नाहीत. ‘शारदा’त त्यांनी समाजदोषावर उघड प्रहार केला, येथे हसता हसता बोट ठेवले. अखेर गैरसमज दूर होतात आणि रेवतीला अश्विनशेठची पत्नी होण्याचा मान मिळतो. कलावंतीण आणि देवदासी या दोन्ही प्रथा एकच नव्हेत. तथापि विवाहाचा हक्क नाकारला जाणे हे दोघींचे दुःख समान होते. मुंबई इलाख्यात देवदासींचे समर्पण बेकायदा ठरवून त्यांच्या विवाहास वैधता देणारा कायदा १९३४ मध्ये झाला. त्यापूर्वी अठरा वर्षे ‘संशयकल्लोळ’च्या प्रेक्षकांनी रेवतीच्या विवाहाचे स्वागत टाळ्यांनी केले होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

संगीताचा साज

गद्य ‘फाल्गुनराव’चे ‘संगीत संशयकल्लोळ’ होण्यास रंगभूमीवरील बदलती परिस्थिती कारणीभूत झाली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. नव्या मंडळीला नव्या नाटकांची गरज होती. बालगंधर्वांच्या गायनाला वाव हवा होता आणि बोडसांच्या गद्य अभिनयालाही. बोडस हे देवलांच्या तालमीत तयार झालेले नट. गुरूचे जुने गद्य नाटक पदांची जोड देऊन पुन्हा उभे केले, तर दोन्ही गरजा भागणार होत्या. देवलांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात ही पदरचना केली.

ही रचना करताना त्यांनी राखलेला तोल उल्लेखनीय आहे. गायनाचा मुख्य भार त्यांनी अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांवर टाकला. फाल्गुनरावाची सारी गंमत गद्यात राखली. प्रेमातली हुरहूर, रुसवा आणि समजूत ही गाण्याला अनुकूल. संशयी मनुष्याची चौकशी मात्र गाण्याने थांबली, तर तिची धार जाते. रेवती स्वतः गायिका असल्याने तिने गाणे स्वाभाविकच ठरते. पदे लहान आणि बोलीभाषेच्या जवळची असल्याने ती घरोघरी पोहोचली. याच वर्षाच्या अखेरीस गंधर्व मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भास्करबुवा बखले यांच्या चालींमुळे त्यातील गायनाला रागदारीच्या मैफलीचे वैभव आले. एकाच वर्षी, एकाच मंडळीत, संगीत नाटकाच्या दोन भिन्न वाटा अशा शेजारी शेजारी दिसतात.

पहिल्या प्रयोगांत गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले आणि बालगंधर्व रेवती. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बोडसांचा फाल्गुनराव हा पुढील नटांसाठी वस्तुपाठ ठरला. संशयी मनुष्य विदूषकासारखा नाचविला, तर तो हास्यास्पद होतो, पण खोटाही वाटतो. फाल्गुनरावाला स्वतःचे दुःख अगदी खरे वाटत असते. तो जितका गंभीर, तितका प्रेक्षक अधिक हसतो. या भूमिकेचे मर्म हेच आहे.

प्रहसनाकडून सुखात्मिकेकडे

मराठी रंगभूमीवर विनोद पूर्वीपासून होता. पौराणिक खेळांत विदूषक असे आणि मुख्य नाटकानंतर ‘फार्स’ करून दाखविण्याची पद्धत होती. परंतु ते फार्स म्हणजे मुख्य भोजनानंतरचे तोंडी लावणे असे. संपूर्ण रात्रीचा खेळ केवळ एका हास्यकथेवर उभा करणे, त्यात अश्लीलतेचा आधार न घेणे, आणि विनोद शाब्दिक कोट्यांऐवजी स्वभावातून व प्रसंगातून निर्माण करणे, हे देवलांचे कार्य होय. पुढील काळात शब्दचमत्कृतीवर आधारलेली पुष्कळ विनोदी नाटके आली आणि काळाबरोबर मागे पडली. ‘संशयकल्लोळ’चे हसू शब्दांपेक्षा परिस्थितीत असल्याने ते शिळे झाले नाही.

बोलपटाच्या आगमनानंतर १९३० च्या दशकात मोठमोठ्या नाटक मंडळ्या बंद पडल्या. त्यानंतरही हौशी संस्थांनी, गणेशोत्सवातील मंडळांनी आणि व्यावसायिक निर्मात्यांनी हे नाटक जागते ठेवले. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेतून नव्या गायक-नटांना अशा नाटकांची ओळख होत आली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांच्या प्रमुख भूमिका असलेली आटोपशीर रंगावृत्ती रंगभूमीवर आली, तेव्हा तरुण प्रेक्षकांनीही तिला उत्तम प्रतिसाद दिला.

हौशी संस्थांसाठी

सातारचे शाहू कला मंदिर, सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर आणि मिरजेचे बालगंधर्व नाट्यगृह ही या परिसरातील नाट्यपरंपरेची आजची ठाणी होत. परंतु ‘संशयकल्लोळ’ला भव्य नाट्यगृह लागतेच असे नाही. राजवाडे, दरबार अथवा युद्धाचे देखावे त्यात नाहीत. एक रस्ता, दोन घरे आणि एक तसबीर एवढ्यावर खेळ उभा राहतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात अथवा गावच्या जत्रेत निवडक प्रवेश करणे सहज शक्य आहे. गाणारे कलावंत मिळत नसतील, तर फाल्गुनराव, कृत्तिका आणि भादव्या यांचे गद्य प्रवेश स्वतंत्रपणेही रंगतात.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही स्पष्ट दिसले पाहिजे. तो धागा सुटला, तर पुढील सारा विनोद निष्फळ होतो. दुसरे असे की, रेवतीला थट्टेचा विषय करू नये. तिचे दुःख खरे ठेवले, तरच भोवतालच्या गोंधळाला अर्थ राहतो.

देवलांच्या नाटकातील तसबीर आता खिशातील दूरध्वनीवर आली आहे. कोणाचे तरी छायाचित्र पाहून, त्यामागील हकीकत न विचारता, घटकेत निर्णय देणारी माणसे आज गावोगावी दिसतात. आणि अशा निर्णयाची झळ बहुधा एखाद्या रेवतीलाच अधिक लागते. फाल्गुनरावाने एक सरळ प्रश्न वेळेवर विचारला असता, तर नाटक पहिल्याच प्रवेशात संपले असते. रंगभूमीवर तो प्रश्न लांबतो म्हणून हसू येते. घरात, चावडीवर आणि ग्रामसभेत तो वेळेवर विचारला जावा, हा हरिपूरच्या या तालीममास्तराने हसत हसत दिलेला धडा आहे.